झिजायचं कुणी

कॅमशाफ्ट लोकेटिंग प्लेट हातात घेऊन पाहिली तर यात एवढं काय आहे, असंच कुणालाही वाटेल. पोलादाचा चपटा तुकडा, मधे मोठं भोक, कडेला बोल्टांसाठी तीन लहान भोकं. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये इंजिनाचे सगळे भाग सुटे करून दाखवणारं चित्र असतं. त्यात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, आडवा पसरलेला दिसतो आणि त्याच्या पुढ्यात ही प्लेट, चित्रातला क्रमांक एवढीच तिची ओळख. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे शौकीन क्रोमच्या बंपरचे, तारांच्या चाकांचे, एसयू कार्ब्युरेटरच्या जोडीचे फोटो काढतात. या प्लेटचा फोटो मी अजून कुणाच्या भिंतीवर पाहिलेला नाही. इंजिन जोडून झालं की कित्येक वर्षं ती कुणाच्या दृष्टीला पडत नाही. पडली तर समजावं, एकतर काहीतरी बिघडलंय किंवा कुणाला तरी हौस आलीय.

माझ्या बाबतीत थोडं हे, थोडं ते. गाडी १९६७ची रोडस्टर. इंजिन चालत होतं, पण गरम झालं की तेलाचा दाब उतरायचा. आणि ठिणगीची वेळ तपासायचा टायमिंग लाइट लावला की पुलीवरची खूण एका जागी ठरायची नाही, थरथरत पुढं-मागं व्हायची. पहिला संशय सगळे घेतात तोच मीही ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर घेतला. त्याची बुशं, आतल्या स्प्रिंगा, वजनं तपासली. ठीक होती. मग चेनकडं पाहिलं. ती ढिली होती खरी, पण एवढ्या थरथरीला पुरेल इतकी नाही. कारण आणखी आत होतं.

बर्मिंगहॅमच्या दक्षिण टोकाला आम्ही राहतो. तिथून लाँगब्रिज जवळ. ऑस्टिनचा जुना कारखाना तिथला, आणि या गाडीचं बी-सिरीज इंजिन मुळात ऑस्टिनचं. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस या दोन जुन्या वैऱ्यांचं एकत्रीकरण होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली आणि हे इंजिन मग मिळेल त्या बॉनेटखाली घालण्यात आलं. कुटुंबवत्सल सलून गाड्या, सामानाच्या व्हॅन, १९५५ सालची १४८९ सीसीची एमजीए, आणि १९६२ साली १७९८ सीसी होऊन एमजीबी. जुळणी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला व्हायची. १९८० पर्यंत रोडस्टर आणि जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या तिथून बाहेर पडल्या. एमजी रोव्हर २००५ साली बुडाली. लाँगब्रिजच्या जागेवर आज सुपरमार्केट आहे, कॉलेज आहे. आमची भाजी आम्ही तिथूनच आणतो. पुण्यातल्या भाच्याला एमजी म्हटलं की हेक्टर आठवते. त्याचं वय पाहता ते बरोबरच आहे.

पण या इंजिनाशी माझी पहिली ओळख इंग्लंडातली नाही. ती कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. मामांचं गॅरेज तिथं होतं आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत निम्म्या तरी अँबॅसिडर असतील. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती. सुरुवातीची थोडी वर्षं तिला साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, मग हेच १४८९ सीसीचं बी-सिरीज आलं. पुढं डिझेल अँबॅसिडर निघाली, तिचं इंजिनही याच घराण्यातलं. कलेक्टरांची पांढरी गाडी, लग्नात नवरा-नवरीला घेऊन जाणारी फुलांची गाडी, आणि माझी लाल दोन आसनांची ऐटबाज गाडी, या सगळ्या चुलत बहिणी. एमजीबी घेतल्याचं मामांना कळवलं आणि बॉनेट उघडून व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “आरं, ही आपलीच की!”

तर कॅमशाफ्ट. या इंजिनात तो ब्लॉकच्या पोटात एका अंगाला, तीन बेअरिंगांवर बसलेला असतो. क्रँकवरून चेन येते आणि त्याला निम्म्या वेगानं फिरवते. त्याचे आठ लोब, म्हणजे अंगावरचे उंचवटे, टॅपेट वर ढकलतात, टॅपेट पुशरॉडना, पुशरॉड रॉकरना, रॉकर व्हॉल्व्हना. हे सगळं गोल फिरणं आणि वर-खाली होणं झालं. मग या दांड्याला मागं-पुढं सरकायचं कारण काय?

कारण आहे, आणि ते त्याच्या अंगावरच कोरलेलं आहे. तेलाचा पंप आणि डिस्ट्रिब्युटर या दोघांनाही कॅमशाफ्टच फिरवतो, आणि ते करायला त्याच्या अंगावर तिरके दाते आहेत. तिरक्या दात्यांचा स्वभाव असा की ते समोरच्याला फिरवतात आणि त्याच वेळी स्वतःला बाजूला रेटून घेतात. पंपात थंड, घट्ट तेल असेल तर हा रेटा जास्त. शिवाय अशा इंजिनांत लोबची पाठ अगदी सपाट नसते, टॅपेट जागच्या जागी फिरत राहावा म्हणून तो लोबच्या मध्यापासून थोडा बाजूला आणि लोबला थोडा तिरकसपणा मुद्दाम ठेवलेला असतो. तोही आपला वाटा टाकतो. दर फेऱ्याला हा रेटा सारखा नसतो. म्हणून दांड्याला कुणीतरी धरून ठेवायला हवं.

ते काम या प्लेटचं. ती तीन बोल्टांनी ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर बसते. तिच्या मागं कॅमशाफ्टच्या पहिल्या जर्नलचा, म्हणजे बेअरिंगात फिरणाऱ्या भागाचा, खांदा, पुढं चेनव्हीलचा हब. दांडा पुढं सरकू पाहील तर खांदा प्लेटच्या पाठीवर घासतो, मागं सरकू पाहील तर चेनव्हील तिच्या तोंडावर घासतं. प्लेट जागची हलत नाही. दोघांच्या मधे उभी राहून दोघांचंही घासणं अंगावर घेते.

आता गंमत अशी की तिनं घट्ट धरूनही चालत नाही. मॅन्युअल सांगतं, मागं-पुढं तीन ते सात थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोकळीक हवी, म्हणजे ०.०७६ ते ०.१७८ मिलिमीटर. तीन थाउ म्हणजे जाडसर केसाएवढं. त्याहून कमी ठेवलं तर तेलाचा पापुद्रा मधे शिरत नाही, धातूवर धातू तापतो, खरडतो, आणि खरडलेला चुरा तेलाबरोबर सगळ्या इंजिनाची यात्रा करतो. जास्त ठेवलं तर माझ्या गाडीचं व्हायचं ते होतं. दांडा मागं-पुढं होताना त्याचे तिरके दातेही मागं-पुढं होतात, आणि तिरका दाता सरकला की समोरचं गिअर तेवढं फिरतं. म्हणजे इंजिनानं न सांगता डिस्ट्रिब्युटर स्वतःहून अंशभर पुढं किंवा मागं जातो. ठिणगी कधी लवकर, कधी उशिरा. पुलीवरची खूण थरथरत होती ती यामुळे. माझ्या जुन्या प्लेटबरोबर ही मोकळीक अकरा थाउ भरली.

प्लेट काढून पाहिली तेव्हा दोन्ही बाजूंना चकचकीत कडं उमटलेलं होतं, एका बाजूला बोटाच्या नखाला लागेल इतकं खोल. आणि कॅमशाफ्टचा खांदा? जवळजवळ नवा. चेनव्हीलचा हब? तोही. मला इथं थांबून त्या डिझाइन करणाऱ्यांना दाद द्यावीशी वाटली. झीज होणार हे त्यांना ठाऊक होतं. ती टाळता येणार नाही हेही. मग झिजायचं कुणी, एवढंच त्यांनी आधी ठरवून ठेवलं. महागडा कॅमशाफ्ट नाही, त्याहून महागडा ब्लॉक तर नाहीच. झिजेल ती तीन बोल्टांची प्लेट, जी कुणीही पाना घेऊन बदलू शकेल.

सगळ्यांनी असं ठरवलं नव्हतं. शेव्हरलेटच्या जुन्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ ला अशी प्लेटच नाही. तिथं लोबचा तिरकसपणाच दांड्याला सतत मागं दाबून ठेवतो आणि चेनव्हीलची पाठ थेट ब्लॉकच्या तोंडावर फिरते. युक्ती हुशारीची आहे, भाग वाचतो, आणि लाखो गाड्या त्यावर चालल्या. पण झीज झाली तर ती ब्लॉकची. आजच्या अनेक ओव्हरहेड कॅमच्या इंजिनांत हा रेटा अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्येच कोरलेल्या खाचेवर येतो. ती खाच रुंदावली की बोलणं हेडच्या किमतीवर येतं. मी आधुनिक इंजिनांना नावं ठेवणाऱ्यांतला नाही. रोज कामावर जातो ती गाडी जपानी आहे आणि तिचं बॉनेट मी वायपरचं पाणी भरण्यापुरतंच उघडतो. तरी हा एक मुद्दा मी जुन्यांच्या खात्यावर मांडतो.

प्लेटपर्यंत पोचायलाच बरंच काही सोडावं लागतं. रेडिएटर, पुली, टायमिंग कव्हर, चेन, टेन्शनर. कॅमशाफ्ट बाहेर ओढायचा तर डिस्ट्रिब्युटर आणि त्याखालचा फिरता दांडाही आधी काढायला हवा, नाहीतर ते दाते अडकून बसतात. हा दांडा आत खोल असतो, बोटं पोचत नाहीत. पण त्याच्या डोक्याला आटे पाडून ठेवलेत. ५/१६ इंची यूएनएफ आट्यांचा एक लांब बोल्ट त्यात फिरवायचा आणि वर खेचायचा, की गिअर वळत वळत हातात येतं. वेगळं हत्यार लागू नये असा विचार करणारा माणूस त्या ड्रॉइंग ऑफिसात बसलेला होता. भेटला असता तर चहा पाजला असता.

तेलाच्या दाबाचं दुखणं मेन बेअरिंगांबरोबर कॅमच्या बेअरिंगांतही होतं. ती ब्लॉकमध्ये प्रेसनं बसवावी लागतात, बसवताना तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर यावं लागतं, आणि नंतर तिन्ही एका रेषेत रीम करून घ्यावी लागतात. हे घरच्या गॅरेजात होत नाही. ब्लॉक मशीन शॉपला दिला, पैसे मोजले, परत आणला. त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

नव्या प्लेटचं मात्र सांगण्यासारखं आहे. या गाडीचे सुटे भाग आजही इतके मुबलक मिळतात की अँबॅसिडरवाल्यांना हेवा वाटावा. पण मिळणं वेगळं आणि मापात असणं वेगळं. पहिली प्लेट आली ती जाड, मोकळीक फक्त दोन थाउ. दुसरीकडून मागवली ती इतकी पातळ की आठ थाउ. दोन्ही पाकिटांवर क्रमांक तोच. मायक्रोमीटर नसलेला माणूस पाकिटावरच्या क्रमांकावर भरवसा ठेवून इंजिन जोडून टाकणार आणि वर्षभरानं आम्हा शौकिनांच्या कुठल्यातरी जमावात ‘बी-सिरीज असंच वाजतं’ म्हणून सांगत फिरणार.

मामांना फोन लावला.

“प्ले कसा मोजलास?” त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

“टेबलावरच. कॅमशाफ्टला प्लेट घातली, चेनव्हील चढवलं, मधे फिलर गेज.”

“नट आवळून का नुसतं बोटानं?”

“आवळून. साठ-सत्तर पाउंड-फूट दिलंय पुस्तकात, तेवढं.”

“आकडा र्‍हाऊ दे. चेनव्हील पार टेकलंय का शाफ्टला, ते सांग. किल्लीपाशी बर आला असंल तर ते अर्ध्यावर थांबतंय आन् तू मोजतोयस भलतंच.”

हा प्रश्न लाखमोलाचा होता. नुसत्या प्लेटला मोकळीक नसते. खांदा आणि हब यांच्या मधलं अंतर वजा प्लेटची जाडी, हे ते माप आहे, आणि ते अंतर नट पूर्ण आवळल्याखेरीज अस्तित्वातच येत नाही. चेनव्हील एखादा थाउ जरी अलीकडं अडलं तरी प्लेट पातळ असल्याचा भास होणार. मी पुन्हा सोडून पाहिलं. चेनव्हीलला दांड्याशी अडकवणारी किल्ली स्वच्छ होती, तिथं बर म्हणजे धातूची खरखरीत कड नव्हती, चेनव्हील टेकलं होतं, मापं तीच होती.

“मग जाडवाली घे,” मामा म्हणाले. “कमी करता येतंय, वाढवता येत नाही. आरशाच्या दुकानातनं जाड काच आण. काच सरळ असती. त्यावर बारीक एमरी पेपर पसर, वर तेल सोड, आन् प्लेट चार बोटांनी दाबून आठाच्या आकड्यात फिरव. एका अंगानं दाबू नकोस. दर थोड्या वेळानं चार कोपऱ्यांत मोज.”

“तुम्ही असंच करायचा?”

“आम्हाला नवीन प्लेट कुठली मिळायला? झिजलेलीचीच पाठ सरळ करून घ्यायचो. लईच गेली असंल तर लेथवाल्याकडनं दुसरी करून घ्यायचो. उद्यमनगरात तेवढ्यासाठी दोन गल्ल्या पण जावं लागत नव्हतं.”

मामांच्या या वाक्यातला अभिमान मला ठाऊक आहे आणि त्यामागची टंचाईही. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि लेथ यांनी कित्येक वर्षं जे बाजारात नव्हतं ते बनवून दिलं, कारण दुसरा इलाज नव्हता. मी जे हौसेनं, रविवारी, रेडिओ लावून करतो, ते त्यांनी गिऱ्हाईक बाकड्यावर ताटकळत बसलेलं असताना केलं. हे दोन्ही एकच काम आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण दोघांनाही ते जमतं, कारण प्लेट सपाट आहे, साधी आहे आणि काचेवर घासून मापात आणता येते. तिच्या जागी बंद डबीतलं, सीलबंद काही असतं तर मामांना अँबॅसिडर उभी करून ठेवावी लागली असती, आणि मलाही.

काच आणली. घासणं हे कंटाळवाणं काम आहे, त्यात काव्य शोधू नये. खांदे दुखतात, तेल कोपरापर्यंत येतं, आणि एका टप्प्यावर मायक्रोमीटर काही केल्या हलत नाही असं वाटतं. साडेचार थाउवर थांबलो. मॅन्युअलच्या पट्ट्याच्या मधोमध जायचा मोह होता, पण नव्या प्लेटला झिजायला वाव ठेवावा, खालच्या टोकाकडं राहावं, असं माझं मत. यावर वाद घालणारे मित्र आहेत. त्यांनी त्यांच्या इंजिनात घालावं.

बसवताना ब्लॉक उभा केला, मागचं तोंड खाली. जर्नल पुढून मागं लहान होत जातात, पहिलं साडेपंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपास, शेवटचं एक्केचाळीसच्या, म्हणूनच दांडा पुढून आत जाऊ शकतो. आडव्या ब्लॉकमध्ये तो घालताना लोबच्या धारदार कडा नव्या बेअरिंगांच्या मऊ धातूवर ओरखडे काढतात. उभ्या ब्लॉकमध्ये त्याचं वजन त्यालाच सरळ ठेवतं. चेनव्हील हातानं घट्ट चढवलं की धरायला मूठ मिळते. लोबना मॉलिब्डेनमची काळी पेस्ट, जर्नलना तेल. हळूहळू फिरवत सोडायचा. शेवटचं जर्नल बेअरिंगात शिरतं तेव्हा हाताला कळतं.

मग प्लेट, तेल लावून. तीन बोल्ट, खाली शेकप्रूफ वॉशर. हे बोल्ट चेनव्हीलच्या अगदी पाठीमागं येतात, त्यांतला एखादा ढिला होऊन बाहेर आला तर काय होईल त्याचा विचार करावा आणि वॉशर नवेच घ्यावेत. पेटीतले जुने वॉशर वापरणारे लोक मला कळत नाहीत. हजारो पाउंड रंगावर घालवायचे आणि इथं दहा-वीस पेन्स वाचवायचे! दोन्ही चेनव्हीलवरचे टिपके समोरासमोर, एका रेषेत. सरळ पट्टी लावून दोन्ही चाकं एका पातळीत आहेत का ते पाहिलं, क्रँकच्या चाकामागं एक शिम, म्हणजे पातळ चकती, जास्त लागला. कॅमचा नट, त्याखालचं लॉक वॉशर, त्याचं शेपूट किल्लीच्या खाचेत, कान वाकवून नटाच्या सपाट बाजूवर. क्रँकवरच्या तेल उडवणाऱ्या चकतीवर ‘एफ’ असतं, ते बाहेरच्या तोंडाला. आणि कव्हर लावायच्या आधी डायल गेज चेनव्हीलवर टेकवून दांडा स्क्रू ड्रायव्हरनं मागं-पुढं करून पाहिला. साडेचारच.

नवा कॅमशाफ्ट, नवे टॅपेट असले की पहिली वीस मिनिटं इंजिन रिकाम्या फेऱ्यांवर सोडत नाहीत, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर ठेवतात. लोबना तेल मुख्यतः उडूनच मिळतं, आणि सावकाश फिरणाऱ्या इंजिनात ते पुरेसं उडत नाही. तेवढा वेळ शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून कान झाकून धरले होते. ते स्वतः लाँगब्रिजला कामाला होते, त्यामुळे तक्रार करायची त्यांची पंचाईत झाली असावी.

नंतर टायमिंग लाइट लावला. खूण एका जागी उभी राहिली.

मामांना व्हिडिओ पाठवला. खुणेबद्दल, प्लेटबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. दहा मिनिटांनी फोन आला, “टॅपेट वाजायलाय.”

“पंधरा थाउवर ठेवलेत मामा, पुस्तकात तेवढंच आहे.”

“मग वाजू दे. पंधरावर एवढं वाजतंयच. आवाज मिटवायला कमी करशील आन् व्हॉल्व्ह जाळून बसशील. कव्हरमधनं तेल गळतंय का?”

गळत होतं. थेंब थेंब, टायमिंग कव्हरच्या खालच्या अंगाला. आता ते कव्हर पुन्हा उतरवायचं आणि सील मधोमध बसवून लावायचं, हे या रविवारचं काम.